‘यू पीपल’ लिहिलं म्हणजे वंशभेदी बोललं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या तरुणाने मिशिगनमधल्या गिऱ्हाइकाला मेल केला: ‘यू पीपल हॅव नॉट यट अप्रूव्ह्ड द ड्रॉइंग.’ तिकडचे पर्चेस मॅनेजर कृष्णवर्णीय आहेत. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं की ड्रॉइंगचं मी बघतो, पण आम्हाला ‘यू पीपल’ म्हणू नका. मालक म्हणतात, माफी माग. शॉपमधली पोरं म्हणतात, ‘तुम्ही लोक’ म्हटलं तर एवढं काय झालं, हे अमेरिकन लई नाजूक. त्याला विचारायचंय की हे खरंच वंशभेदी आहे का, माफी मागावी का, मागायची तर कशी, आणि यातून केस वगैरे होते का.

कोल्हापूर भागातल्या फौंड्र्या आणि मशीन शॉपचे परदेशी मेल तपासणं आणि ते लिहिणाऱ्यांना शिकवणं हे माझं काम आहे. हे दोन शब्द मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सापडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर, मग कारणं. ‘यू पीपल’ ही शिवी नाही. त्यात रंगाचं, वंशाचं, देशाचं नाव नाही. पण अमेरिकेत, गोऱ्या नसलेल्या माणसाला उद्देशून, तक्रारीच्या वाक्यात हे शब्द आले की ते ‘तुमच्यासारख्यांचं हे असंच असतं’ असे ऐकू जातात. तुमच्या मनात तसं नव्हतं, हे मराठी माणसाला तुमचं वाक्य वाचताच कळतं. त्यांना ते कळायला काही मार्ग नव्हता. केस होणार नाही. एका मेलमधले हे दोन शब्द इथेही गुन्हा नाहीत आणि तिथेही नाहीत. मात्र मोठ्या गिऱ्हाइकांच्या पुरवठादार आचारसंहितेत भेदभाव आणि अपमानास्पद भाषेबद्दल कलम असतं. त्यावर तुमच्या मालकांनी सही केलेली असण्याची शक्यता आहे, तेव्हा ते एकदा काढून वाचा. माफी मागा, तीन ओळींत मागा, आजच मागा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या वाक्यात ‘पीपल’ आलं कुठून? ते मराठीतून आलं. आपलं ‘तुम्ही’ दोन कामं करतं: एकट्या माणसाला मान देतं आणि अनेकांना एकत्र हाकही मारतं. नक्की अनेकांनाच म्हणायचं असेल तर आपण त्याला लोक, मंडळी, सगळे असं काहीतरी जोडतो. ‘तुम्ही लोक जेवलात का?’ यात कुणाला काही खटकत नाही. पाहुण्यांना, सासरच्यांना, मुंबईहून आलेल्या मित्रांना आपण हेच विचारतो. हिंदीतलं ‘आप लोग’ही तसंच. इंग्रजी ‘यू’मध्ये मान दिसत नाही आणि संख्याही दिसत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला नुसतं ‘यू’ लिहिलं की एखाद्याला अरेतुरे केल्यासारखं वाटतं. मग तो त्याला ‘पीपल’ जोडतो आणि समजतो की आता वाक्य नीट झालं. परिणाम नेमका उलटा होतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ही अनेकवचनाची अडचण आहेच. दक्षिणेकडचे अमेरिकन ‘यॉल’ म्हणतात, बाकीचे ‘यू गाइज’ म्हणतात, इंग्लंडमध्ये ‘यू लॉट’ चालतं. यातलं काहीही तुम्ही धंद्याच्या मेलमध्ये उचलू नका. पण एवढं लक्षात घ्या की अनेकवचनासाठी ते ‘यू पीपल’कडे वळत नाहीत. त्यांच्या भाषेत ते वेगळ्या कामासाठी राखलं गेलंय.

ते काम म्हणजे बोलणाऱ्याने स्वतःला बाजूला काढून समोरच्याला एका गटात ढकलणं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा, हॉटेल, बसमधली बाकं वेगळी होती. बोलण्यातही तसाच भेद होता. साठीच्या कृष्णवर्णीय माणसाला गोरा पोरगा पहिल्या नावाने किंवा ‘बॉय’ म्हणून हाक मारायचा. ‘मिस्टर’ आणि आडनाव हा मान त्याला मिळायचा नाही. एकेकटा माणूस म्हणून ओळख नाकारायची आणि ‘तुम्ही सगळे सारखेच’ असं धरून चालायचं, अशी ती रीत होती. ज्यांच्या आईवडिलांनी हे सोसलंय त्यांच्या कानाला ‘यू पीपल’मध्ये तीच रीत ऐकू येते.

हेतू चांगला असूनही हे शब्द कसे लागतात, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण १९९२ चं आहे. रॉस पेरो हे उद्योगपती तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष म्हणून उभे राहण्याच्या तयारीत होते. जुलैमध्ये नॅशव्हिल इथे एनएएसीपीच्या अधिवेशनात ते बोलले. ही १९०९ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना. आर्थिक घडी विस्कटली की पहिला फटका कुणाला बसतो, असं सांगताना त्यांनी समोरच्या श्रोत्यांना ‘यू पीपल’, ‘युअर पीपल’ म्हटलं. बोलणं सहानुभूतीचं होतं, तरी सभागृहात नाराजी पसरली आणि पेरोंना दिलगिरी व्यक्त करावी लागली. दुसरं उदाहरण कॅनडातलं आहे, नोव्हेंबर २०१९ चं. डॉन चेरी हे हॉकीचे फार प्रसिद्ध समालोचक. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तिथे कोटाला पॉपीचं फूल लावतात. बाहेरून आलेले लोक ते लावत नाहीत, अशी तक्रार त्यांनी टीव्हीवर ‘यू पीपल’ म्हणत केली, आणि दोन दिवसांत त्यांची नोकरी गेली. चेरींच्या बोलण्यात रोष होता, पेरोंच्या बोलण्यात कळवळा होता, आणि शब्द दोघांचेही तेच होते. म्हणून ‘माझा हेतू तसा नव्हता’ हे खरं असलं तरी त्याने प्रश्न मिटत नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सरसकट नियम केला तर तुम्ही उगाच घाबराल. वाक्य तक्रारीचं आहे की साधं, याने सगळ्यात मोठा फरक पडतो. ‘यू पीपल हॅव डन अ ग्रेट जॉब’ हेही कानाला बरं लागत नाही, पण त्यावर सहसा कुणी उत्तर लिहीत नाही. ‘हॅव नॉट’, ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’ यांच्या शेजारी आलं की ते टोचतं. देशही पाहावा लागतो. दुबईतल्या भारतीय खरेदी अधिकाऱ्याला त्यात काही वाटणार नाही, तो स्वतःच तसं लिहितो. इंग्लंडमध्ये ते वंशभेदी वाटलं नाही तरी उर्मट नक्की वाटतं. अमेरिका आणि कॅनडात ते टाळायचंच, समोरचा गोरा असला तरी. एक तर मेलवरून रंग कळत नाही, आणि तुमचा मेल कॉपीत असलेली आणखी चार माणसं वाचतात. फोनवर आवाजाचा सूर थोडं सावरून घेतो. लेखी शब्दाला सूर नसतो, वाचणाऱ्याच्या मनात जो असेल तोच लागतो. आणि ओळख. दहा वर्षं व्यवहार असलेला माणूस मनात म्हणेल की हा असाच लिहितो. तुमच्या गिऱ्हाइकाशी तुमची ओळख नवी दिसते, नाहीतर त्यांनी दोन ओळींत थांबवलं नसतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण ड्रॉइंगचं बघतो असंही लिहिलं. म्हणजे त्यांना भांडायचं नाही, व्यवहार चालू ठेवायचाय. ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

माफीचा मेल असा करा. त्याच थ्रेडमध्ये, ‘रिप्लाय ऑल’ करून. मूळ मेल ज्यांनी वाचला त्या सगळ्यांना हाही दिसला पाहिजे. कॉपीतली नावं काढून एकट्यालाच पाठवला तर लपवल्यासारखं होतं. सुरुवातीला ‘डिअर मिस्टर’ आणि त्यांचं आडनाव, स्पेलिंग त्यांच्या सहीतून बघून. ते पहिल्या नावाने सही करत असले तरी या एका मेलपुरतं आडनावच ठेवा. पुढे फक्त एवढं: ‘प्लीज अ‍ॅक्सेप्ट माय अपॉलॉजी फॉर द फ्रेज आय यूज्ड. इट वॉज अ पुअर चॉइस ऑफ वर्ड्स अँड आय विल नॉट यूज इट अगेन. थँक यू फॉर टेलिंग मी डायरेक्टली.’ खाली तुमचं नाव. मालकाचं नाही, ‘टीम’ असंही नाही. शब्द तुम्ही लिहिलेत, माफीही तुमचीच हवी.

वेळेचं गणित बघा. मिशिगनचा बहुतेक भाग अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेवर चालतो. मार्च ते नोव्हेंबर आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा तास. त्यांचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मेल त्याच्या थोडा आधी पाठवला तर ते कामाला बसताना वर दिसतो. रात्री २ ला घाबरून पाठवलेला मेल त्यांना दुपारी उशिरा, कामाच्या गर्दीत मिळतो.

यात नेहमी होणाऱ्या चुका सांगतो, कारण माफीच बहुतेक वेळा प्रकरण वाढवते. पहिली चूक ‘इफ यू फेल्ट बॅड’. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ म्हणजे दोष त्यांच्या वाटण्याचा झाला. दुसरी चूक लांबलचक खुलासा: मराठीत असं म्हणतात, आमच्याकडे चालतं, माझं इंग्रजी कच्चं आहे. खुलासा खरा आहे, मी वर तोच दिला, पण तो तुमच्या समजुतीसाठी आहे. त्यांना तो पुढे कधीतरी फोनवर, विषय निघाला तर एका वाक्यात सांगा. तिसरी चूक, त्यांच्या समाजाचं कौतुक करणं किंवा आम्ही गांधीजींच्या देशातले, भेदभाव करत नाही असं लिहिणं. त्यांनी आपल्या रंगाचा उल्लेखही केलेला नाही. तुम्ही केलात तर त्यांना ज्या गटात बसायचं नव्हतं तिथेच पुन्हा बसवलंत. चौथी चूक, मेल ‘रिकॉल’ करायचा प्रयत्न. आउटलुकमधली ती सोय आपल्या संस्थेबाहेरच्या माणसाच्या मेलबॉक्समधून मेल परत आणू शकत नाही. उलट कधी कधी ‘अमुक मेल परत घेऊ इच्छितो’ असा निरोप तेवढा जातो. पाचवी, मालकाने वेगळा माफीनामा पाठवणं. एकाच गोष्टीच्या दोन माफ्या आल्या की ती होती त्यापेक्षा मोठी दिसते. त्यांनी मालकाला थेट लिहिलं असेल तरच मालकाने उत्तर द्यावं. आणि त्या मेलमध्ये ड्रॉइंगचा विषय अजिबात काढू नका. माफीच्या शेवटी ‘काइंडली अप्रूव्ह’ आलं की माफी कामासाठी मागितली असं वाटतं. ड्रॉइंगचं त्यांनी स्वतः सांगितलंय, दोन दिवस जाऊ द्या. माफीला उत्तर नाही आलं तरी पुन्हा मागू नका.

पुढे असं होऊ नये म्हणून वाक्य कसं बदलायचं, तर मराठीच आठवा. आपण ‘तुम्ही ड्रॉइंग पाठवलं नाही’ असं तोंडावर म्हणण्याऐवजी बऱ्याचदा ‘ड्रॉइंग अजून मिळालेलं नाही’ म्हणतो. माणूस मागे राहतो, वस्तू पुढे येते. इंग्रजीतही तेच करा. तुमचं वाक्य असं होईल: ‘वुई सेंट ड्रॉइंग रिव्हिजन सी ऑन १२ ऑगस्ट अँड आर वेटिंग फॉर युअर अप्रूव्हल. वुई कॅन स्टार्ट मशीनिंग ओन्ली आफ्टर दॅट.’ यात तारीख आहे, रिव्हिजन आहे, उशीर झाला तर काय अडतं तेही आहे. मूळ वाक्यात यातलं काहीच नव्हतं. नुसता दोष होता. ‘यू पीपल ऑल्वेज चेंज द शेड्यूल’ याचं ‘द शेड्यूल हॅज चेंज्ड ट्वाइस सिन्स जुलै’ करा. ‘नेहमी’ काढून आकडा घातला की तक्रार उलट जास्त वजनदार होते, कारण आकड्याला उत्तर द्यावं लागतं. अनेकांना उद्देशून बोलायचंच असेल तर ‘युअर टीम’ किंवा खात्याचं नाव घ्या: ‘युअर क्वालिटी टीम’, ‘युअर लॉजिस्टिक्स डिपार्टमेंट’.

आउटलुकच्या ऑटोकरेक्टमध्ये ‘यू पीपल’ टाइप केलं की ‘युअर टीम’ व्हावं अशी जोडी घालून ठेवता येते. सवय मोडेपर्यंत उपयोगी पडते. पण ते फक्त नव्याने टाइप केलेल्या मजकुराला लागतं. जुन्या मेलमधून कॉपी-पेस्ट केलेलं, साच्यात आधीपासून असलेलं तसंच जातं. म्हणून रिमाइंडरचे आणि रिजेक्शनच्या उत्तरांचे साचे उघडून त्यात ‘पीपल’ शब्द शोधा. माझ्या कामात तो सर्वांत जास्त वेळा पेमेंटच्या रिमाइंडरमध्ये निघतो.

याच जातीचे आणखी काही शब्द आपल्या भागातल्या मेलमध्ये येतात, त्यांचंही सांगतो. पहिला ‘बॉईज’. ‘अवर बॉईज विल पॅक इट टुमॉरो’. आपल्या मनात ‘आपली पोरं’ असतं, त्यात जिव्हाळाच आहे. स्वतःच्या कामगारांबद्दल लिहिलंत तर फार तर विचित्र वाटेल, पण ‘आस्क युअर बॉईज टू अनलोड केअरफुली’ असं तिकडच्या कामगारांबद्दल कधीही लिहू नका. अलाबामातल्या एका कोंबडी प्रक्रिया कारखान्यातल्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये याच शब्दावर मत दिलं. ‘बॉय’ला रंगाचं विशेषण जोडलेलं नसलं तरी तो वंशद्वेषाचा पुरावा ठरू शकतो, संदर्भ, आवाजाचा सूर, स्थानिक रिवाज आणि त्या शब्दाचा तिथला इतिहास पाहून ते ठरवायचं, असं कोर्ट म्हणालं. कुठलाही शब्द तपासताना मी हीच चौकट वापरतो. त्यापेक्षा चांगली मला सापडलेली नाही.

दुसरा ‘ग्रँडफादर्ड’. ऑटोमोबाइलच्या कामात जुना पार्ट नव्या नियमातून सुटतो तेव्हा हा शब्द येतो. त्याचा उगम नक्की वंशभेदी आहे. गुलामी संपल्यावर दक्षिणेकडच्या काही राज्यांनी मतदानाला साक्षरतेची परीक्षा लावली आणि ज्यांच्या वाडवडिलांना १८६६-६७ च्या आधी मताचा हक्क होता त्यांना ती माफ केली. अर्थातच ते सगळे गोरे होते. सुप्रीम कोर्टाने १९१५ मध्ये हे कलम रद्द ठरवलं. गंमत अशी नव्हे, उलट विचार करण्यासारखी गोष्ट ही की उगम इतका वाईट असूनही बहुतेक अमेरिकन हा शब्द रोज सहज वापरतात आणि फारसं कुणाला खटकत नाही. ‘यू पीपल’च्या उगमात काहीच वाईट नाही आणि तरी ते टोचतं. म्हणून शब्दाचा उगम शोधून वाद जिंकायच्या भानगडीत पडू नका. गिऱ्हाइकाच्या कागदात ‘ग्रँडफादर्ड’ असेल तर समजून घ्या, स्वतः लिहिताना ‘लेगसी अप्रूव्हल’ लिहा.

‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’चं वेगळं आहे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर हे पार्टचं नाव आहे. ड्रॉइंगवर जे आहे तेच चलनावर आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवर लिहायचं, स्वतःहून बदललंत तर रिसीव्हिंगला पार्ट जुळणार नाही. पण पॅनेलच्या कामात मोडबस, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी माहिती देवाणघेवाण करायची पद्धत, असेल तर नवी कागदपत्रं बघा. मोडबस ऑर्गनायझेशनने २०२० मध्ये हे शब्द काढून ‘क्लायंट’ आणि ‘सर्व्हर’ घेतले.

‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ हा वाक्प्रचार आपल्याकडे शाळेतच पाठ करून घेतात आणि स्पष्टवक्तेपणाचा अभिमान असलेल्या कोल्हापूरकरांना तो फार आवडतो. मूळ गोष्टही आपल्याला शोभणारी आहे. मॅसिडोनियाचे लोक आपल्याला फितूर म्हणतात, अशी काहींनी राजा फिलिपकडे तक्रार केली, तेव्हा तो म्हणाला की माझी माणसं रांगडी आहेत, ती परातीला परातच म्हणणार. प्राचीन लेखक प्लुटार्कने ग्रीकमध्ये नोंदवलेला तो भांड्याचा शब्द डच विद्वान इरॅस्मसने लॅटिनमध्ये खणायच्या अवजारासाठीच्या शब्दाने मांडला, आणि १५४२ मध्ये इंग्रजीत त्याचं ‘स्पेड’ झालं. वंशाचा कुठेही संबंध नाही. पण १९२० च्या दशकापासून अमेरिकेत ‘स्पेड’ ही कृष्णवर्णीयांसाठीची शिवी झाली. पत्त्यातल्या काळ्या इस्पिकावरून. आता हा वाक्प्रचार निर्दोष असूनही काही कानांना खटकतो. ‘टू बी फ्रँक’ लिहिलं की भागतं.

याच्या पलीकडे वाद कसा जातो, ते १९९९ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या महापौर कार्यालयात दिसलं. तिथल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने निधी जपून वापरावा लागेल या अर्थाने ‘निगर्डली’ म्हणजे कंजूषपणाने असा शब्द वापरला. तो स्कँडिनेव्हियन मुळाचा, कृष्णवर्णीयांसाठीच्या ‘एन’ने सुरू होणाऱ्या शिवीशी त्याचं नातं नाही, पण आवाज तसा येतो. गदारोळ झाला, अधिकाऱ्याने राजीनामा दिला, मग चूक लक्षात आल्यावर महापौरांनी त्यांना परत बोलावलं. एनएएसीपीचे तेव्हाचे अध्यक्ष ज्युलियन बाँड यांनीही त्या अधिकाऱ्याचीच बाजू घेतली होती. म्हणजे समोरच्याची प्रत्येक हरकत बरोबरच असते असं नाही. तुमच्या बाबतीत ती बरोबर आहे.

आणि म्हणूनच, घाबरून ‘ब्लॅक’ शब्दच गाळू नका. अशी एखादी घटना झाली की ‘ब्लॅक ऑक्साइड’ लिहावं की नाही असं मला विचारतात. लिहायचंच, तो फिनिश आहे. ‘ब्लॅकहार्ट मॅलिएबल’ हा लोखंडाचा प्रकार आहे. ‘ब्लॅकमेल’ स्कॉटलंडच्या सीमेवरच्या खंडणीवरून आला, त्याचा कातडीशी संबंध नाही. ‘ब्लॅकलिस्ट’चा उगमही वंशाचा नाही; पण सॉफ्टवेअर कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत त्याऐवजी ‘ब्लॉकलिस्ट’ घेतलंय, गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर तो दिसला तर तोच वापरा. तांत्रिक शब्द वस्तूबद्दल बोलतात. तपासायचे ते माणसांबद्दल बोलणारे शब्द.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या ‘नाजूक’पणाबद्दल. त्यांना ‘कुली’ शब्दाचं विचारा. आपल्याकडे तो स्टेशनवरच्या हमालाचा शब्द, काहींच्या मते साधा. दक्षिण आफ्रिकेत गोरे लोक तो सरसकट प्रत्येक भारतीयाला वापरायचे; बॅरिस्टर गांधींना तिथे ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत. डर्बनच्या भारतीयाला आजही तो लागतो, आणि तुम्ही त्याला नाजूक म्हणणार नाही. आपल्या रेल्वेनेही २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ‘कुली’ऐवजी ‘सहायक’ म्हणायचं ठरवलं. किंवा घरचं उदाहरण घ्या. ‘चांभारचौकशा’ हा शब्द मीटिंगमध्ये सहज येतो. बोलणाऱ्याच्या मनात कुणाची जात नसते. पण त्या टेबलाशी त्या समाजाचा माणूस बसलेला असतो, तो मान खाली घालतो आणि काही बोलत नाही, कारण बोललं की तोच नाजूक ठरतो. ‘नसत्या चौकशा’ म्हटल्याने अर्थ कणभरही कमी होत नाही. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला तो याच कारणाने. जात आणि वंश या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ मी करत नाही. पण एका माणसाशी बोलताना त्याच्यामागे अख्खा समाज उभा करायचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. ज्या करवीर संस्थानात १९१८ मध्ये शाहू महाराजांनी जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली, तिथल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. त्या हजेरीमागे ‘हे लोक असलेच’ एवढाच विचार होता.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी शॉप फ्लोअरबद्दल सांगतो, कारण हीच सवय तिथे जास्त नुकसान करते. आपल्या फौंड्र्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडची माणसं भट्टीशी उभी असतात. ‘तुम लोग कभी सुधरेंगे नहीं’, ‘ह्या भय्यांना किती सांगा’ हे सुपरवायझरच्या तोंडी रोज असतं. एका मोल्डरने चूक केली तर चूक त्याची आहे, बिहारची नाही. सगळ्यांना मिळून बोललं की ज्याने चूक केली तो सुटतो आणि ज्यांनी केली नाही ते चिडतात. पुढच्या वेळी दोष दिसला तरी कुणी सांगायला येत नाही, आणि रिजेक्शन तिथून वाढतं. ईशान्येकडच्या मुलामुलींना हॉटेलांत, पार्लरमध्ये ‘चिंकी’, ‘चायनीज’ म्हणतात, ते तर सरळ वंशावरूनच आहे. दिल्लीत अरुणाचल प्रदेशच्या एका विद्यार्थ्याचा जीव गेल्यावर २०१४ मध्ये केंद्राने बेझबरुआ समिती नेमली, तिने अशा शब्दांविरुद्ध स्वतंत्र कलमांची शिफारस केली. ती कलमं आली नाहीत. पण ईशान्येकडचे अनेकजण अनुसूचित जमातीचे असतात, आणि चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने असा शब्द वापरला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. मेलच्या बाबतीत केस होणार नाही असं मी म्हटलं. इथे तसं म्हणणार नाही.

मराठीतलं ‘तुम्ही लोक’ सोडायची काही गरज नाही. ‘तुम्ही लोक कधी निघताय जोतिबाला?’ यात काय वावगं आहे? पण तक्रार करायची असेल तेव्हा ‘लोक’ गाळून नाव घ्या, तारीख घ्या, पार्ट नंबर घ्या. सुपरवायझरकडे कामगारांच्या नावांची यादी देवनागरीत, ते स्वतः उच्चारतात तशी लिहून द्या. पहिल्या आठवड्यात ती भट्टीजवळच्या फळ्यावरही लावा. कारण ‘ए भय्या’ची हाक बऱ्याचदा द्वेषापेक्षा नाव माहीत नसल्यानेच येते. आणि मिशिगनच्या त्या साहेबांशी पुढच्या वेळी फोन होईल तेव्हा त्यांचं आडनाव कसं उच्चारायचं, ते सुरुवातीलाच विचारून घ्या.